कुंडीतला सुटा धागा

मास्तरांना सुटा धागा सहन होत नसे. कपडा स्वतःचा असो की परक्याचा, शिलाईतून धागा डोकावला की त्यांचे हात शिवशिवत. एकदा रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी गृहस्थाच्या कॉलरचा धागा त्यांनी खिशातल्या छोट्या कात्रीने उडवला. गृहस्थाने मागे वळून कात्री पाहिली आणि प्रकरण हातघाईवर येता येता राहिलं. शिवणकामात मात्र याच खोडीने त्यांचं नाव झालं होतं. मास्तरांचा कपडा उलटा घातला तरी कुणाला कळायचं नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन आणि खिडकीच्या कट्ट्यावर बायकोचं ऑर्किड. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. निवृत्त झाली तेव्हा बरोबरीच्यांनी वर्गणी काढून तिला ही कुंडी दिली, जांभळ्या फुलांनी लगडलेली. फुलं पुष्कळ टिकली, मग एकेक करून गळली आणि मागे उरली नुसती जाड पानं. हे पुन्हा फुलवायचंच, असं तिने मनावर घेतलं.

तिने करायचं काही बाकी ठेवलं नाही. रोपवाटिकेतल्या माणसाला विचारून विचारून भंडावून सोडलं. झाड मातीत नव्हतं, सालीच्या तुकड्यांत लावलेलं होतं. ते आठवड्यातून एकदा बादलीत बुडवायचं, मग पूर्ण निथळू द्यायचं. उजेड भरपूर, पण थेट ऊन नको. खत घालायचं तर अगदी पातळ. आणि थंडी पडली की रात्री खिडकी किलकिली ठेवायची, म्हणजे गारव्याने फुलाचा देठ निघतो. हे शेवटचं मास्तरांच्या गुडघ्यांना मानवत नसे, पण तेही शाल गुंडाळून गप्प राहत. एवढं करून दोन हिवाळे कोरडे गेले. पानं हिरवीगार, फुलाचा पत्ता नाही.

दुसरं कुणी असतं तर झाडाला नावं ठेवून मोकळं झालं असतं. हिने ती स्वतःला ठेवली. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने लावलेला गुलाब वाळला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या की हिच्या हाताला यश नाही. सासूबाई जाऊन जमाना झाला, त्यांचं वाक्य मात्र घरातच राहिलं. दूध नासलं की ती ते म्हणे. मुलगा नोकरीसाठी परगावी गेला, त्याचे फोन कमी कमी होत गेले, तेव्हाही तिने बोल लावला तो आपल्याच हाताला. मास्तर ते हसण्यावारी नेत. मला विचाराल तर तिथेच त्यांचं चुकत होतं.

तिसऱ्या थंडीत एके दुपारी बायको बाजारात गेली होती. समोरच्या शाळेतल्या शिक्षिका कोट घालून बघायला आल्या होत्या. त्या आरशापुढे उभ्या असताना मास्तरांची नजर कुंडीकडे गेली. पानांच्या बेचक्यातून एक हिरवं काहीतरी बाहेर आलं होतं. ऑर्किडची मुळं कुंडीबाहेर लोंबतात, आणि मास्तरांच्या लेखी ते सगळे सुटे धागे. बायकोची पाठ वळली की ते हळूच छाटून टाकत. कुंडी नीटनेटकी दिसे आणि आपलाही हातभार लागला म्हणून मास्तरांना बरं वाटे. आताही त्यांनी कात्री टेकवली.

"अहो मास्तर, थांबा. तो फुलाचा देठ आहे," आरशात बघूनच शिक्षिका म्हणाल्या.

त्यांच्या घरीही एक ऑर्किड होतं. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, देठाचं जरा चपटं असतं आणि वर वळलेलं, असं त्यांनी बोट लावून दाखवलं. गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी, याच सुमारास, अशाच चपट्या टोकाचं काहीतरी त्यांनी कापून चिंध्यांच्या पिशवीत टाकलं होतं. हे मूळ जरा निबर दिसतंय, असं मनात आल्याचंही त्यांना आठवलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला देठ दाखवला. कात्रीबद्दल चकार शब्द काढला नाही. आता फुलं येतील, ती खूश होईल, मग झालं गेलं कशाला उकरायचं? पण बायकोने देठ वाकून वाकून पाहिला आणि जावेला फोन लावला. धाकटी जाऊ दोन गल्ल्या सोडून राहत होती आणि तिच्या हाती दगडालाही पालवी फुटते असं घरात सगळे मानत.

"उद्या येऊन कुंडी घेऊन जा," बायको फोनवर म्हणाली. "झाड माझ्याकडे राहिलं तर कळ्या धरून गळतील. तुझ्याकडे तरी फुलू दे."

दुसऱ्या दिवशी जाऊ आली. ती बिचारी संकोचून गेली होती, ताई, राहू द्या तुमच्याकडेच, असं पुन्हा पुन्हा सांगत होती. बायकोने ऐकलं नाही. तिने एकेक पान पुसलं, देठाला बारीक काडीचा आधार दिला आणि कुंडी पिशवीत ठेवली. मास्तर बाहीची पट्टी शिवत होते. टाका वाकडा गेला. त्यांनी उसवला, परत घातला, तो परत वाकडा गेला.

"काढ ती कुंडी बाहेर," ते म्हणाले. "फुलं आली नाहीत ती तुझ्यामुळे नाही. देठ मी कापत होतो. मला वाटलं, मुळं आहेत."

जावेने तोंडावर हात ठेवला. मास्तर मान खाली घालून बसले. आता हिच्या तोंडाचा पट्टा सुटणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि तो सुटलेला त्यांना हवाही होता.

बायकोने विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षी देठ आला होता?"

"आला होता."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही."

ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली, कुंडी मांडीवर घेतली आणि रडू लागली. मास्तर उठून काहीतरी सांगायला गेले, तिने हातानेच थांबवलं. रागवायचं होतंच आणि पुढे ती चांगली आठवडाभर रागावलीही. पण त्या घडीला ती जावेकडे वळली.

"अगं, पहिल्याच वर्षी आला होता," ती म्हणाली. "माझ्याकडे."