उत्तर उद्या

आमच्या अल्लीपूरला बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीवर एक फळा आहे. भिंतीलाच काळा रंग मारून केलेला. त्यावर हरिदासकाका रोज सकाळी एक प्रश्न लिहायचे आणि खाली दोन शब्द, 'उत्तर उद्या'. काका पेपर वाटायचे. सकाळच्या गाडीने आलेला गठ्ठा सोडायचा, उभ्याउभ्या सगळे पेपर वाचून काढायचे आणि मगच सायकलवर टांग मारायची, हा त्यांचा नेम. त्यामुळे गावात पेपर उशिरा यायचा. लोक कटकट करायचे, पण त्यापायी पेपर बंद कोणी केला नाही.

वडील गेले तेव्हा काका आठवीत होते, शाळा तिथेच सुटली. पण मधमाशीला डोळे किती, तर पाच. कोणत्या देशाचा झेंडा चौकोनी नाही, तर नेपाळचा. आपली वर्धा नदी निघते कुठून, तर मुलताईजवळून, हे सगळं त्यांना तोंडपाठ. ग्रह नवाचे आठ झाले तेव्हा ते हायस्कूलमध्ये जाऊन मास्तरांना सांगून आले होते. रोजचा प्रश्न आदल्या संध्याकाळी पंचफुलाकाकूंवर आजमावला जायचा. काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या, "तुमाले मालूम हाय ना? मंग मले काऊन विचारता?" हा संवाद मी इतक्यांदा ऐकला आहे की आजही भाकरीच्या आवाजाबरोबर मला तो ऐकू येतो. आमची घरं भिंतीला भिंत लागून होती.

मी पोलीस भरतीची तयारी करत होते. सकाळी मैदान, दुपारी गाईड. गाईड जुनं होतं, एका मैत्रिणीने वापरून दिलेलं. काका त्यातली बदललेली उत्तरं लाल पेनाने खोडून नवी लिहायचे, बाजूला तारीख टाकायचे. जम्मू-काश्मीरचे दोन केंद्रशासित प्रदेश झाले तेव्हा फळ्यावर प्रश्न आला, केंद्रशासित प्रदेश किती? अख्ख्या गावाने सात सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकांनी ठळक लिहिलं, नऊ. माझ्या गाईडातला सातचा आकडाही त्यांनी खोडून लाल पेनाने नऊ केला. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा होता, जणू ते दोन प्रदेश त्यांनीच वाढवले.

पुढे सव्वीस जानेवारीला दोन जुने प्रदेश एक झाले आणि नवाचे आठ झाले. ही बातमी काकांच्या नजरेतून सुटली. मग लॉकडाऊन लागला, कित्येक दिवस पेपरच आले नाहीत, आणि आले तेव्हा त्यात दुसरंच सगळं होतं.

भरतीची लेखी झाली तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते. केंद्रशासित प्रदेशांचा प्रश्न आला. मी डोळे झाकून नऊवर खूण केली. यादी लागली आणि मी एका मार्काने राहिले.

मी तापट आहे, हे गावाला ठाऊक आहे. ते गाईड घेऊन तशीच काकांच्या अंगणात गेले. ते पेपर मोजत बसले होते.

"काका, नऊ नाई, आठ हायेत."

त्यांनी लाल अक्षराकडे बराच वेळ पाहिलं. "कवापासून?"

"सव्वीस जानेवारीपासून. मांगच्या वर्षीच्या."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं. काय मोजलं ते मला कळलं होतं. पंचफुलाकाकू त्याच जानेवारीत, बावीस तारखेला गेल्या. त्याआधी महिनाभर काका सेवाग्रामला दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते. त्यांच्या घरी आलेल्या माणसांना पाणी मीच दिलं होतं. सगळं माहीत असूनही मी म्हणाले, "एका मार्कानं गेली माही नोकरी. तुमच्या फळ्यापायी."

काकूंचं नावही त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मी तिथेच गप्प झाले असते. एवढंच म्हणाले, "चुकलं माय माह्यं."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर प्रश्न नव्हता. 'केंद्रशासित प्रदेश ८ आहेत. या फळ्यावर ९ लिहिले होते. चूक माझी. हरिदास.' मग आठवडाभर प्रत्येक दारात पेपर देताना ते सांगत होते, "नऊ नाई, आठ." बंडूजींच्या चहाच्या टपरीवर हशा पिकला. बंडूजी म्हणाले, "अरे हरिदास, आठ राहो का नऊ, आपल्याले काय फरक पडते?"

"पडते," काका म्हणाले. "पोरीची नोकरी गेली."

असं ते गावभर झालं. त्यानंतर फळ्यावर नवा प्रश्न कधी आला नाही. पावसाने ती ओळ पुसली की काका पुन्हा तीच लिहायचे. सुरुवातीला मला ती वाचून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मी पुन्हा परीक्षा दिली नाही. बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं. तिथे मी दुसऱ्यांचे भरतीचे फॉर्म भरून देते. कोणी विचारलं, "तू काऊन नाई भरत फॉर्म?" की मी विहाराच्या दिशेने मान उडवायचे. पुढे कोणी विचारत नसे. फार सोयीचा होता तो फळा.

काका या फेब्रुवारीत गेले. झोपेतच. पुण्यानुमोदनाला सगळं गाव होतं, मीही जेवण वाढलं. उन्हाळा सरता सरता त्यांचा मुलगा विवेक नालवाडीहून घर रिकामं करायला आला आणि जाताना एक वही माझ्या हातात ठेवून गेला. "बाबा म्हणे, हे पौर्णिमाले देजो. मले आता सापडली."

प्रश्नांची वही होती. तारीख, प्र., उ. अशी पानंच्या पानं. काकू दवाखान्यात होत्या त्या डिसेंबरातही एक पान कोरं नव्हतं. फक्त प्रश्न वेगळे होते. 'प्र. आज तिने काय खाल्ले? उ. दोन चमचे वरण.' 'प्र. रात्री झोप लागली का? उ. थोडी.' 'प्र. डॉक्टर काय म्हणाले? उ. घरी न्यायचे तर न्या.' बावीस जानेवारीला नुसतं 'प्र.' लिहिलेलं होतं. पुढे पान रिकामं. सव्वीस जानेवारीची तर तारीखसुद्धा नव्हती.

माझ्या भांडणानंतर वर्षाला एकच नोंद. माझा जन्म बुद्धपौर्णिमेचा, म्हणून नाव पौर्णिमा. दर बुद्धपौर्णिमेला काकांनी लिहिलं होतं. 'प्र. पौर्णिमाचे वय? उ. २९. भरतीची मर्यादा ३३. अजून चार वर्षे.' मग तीन. मग दोन. शेवटची नोंद गेल्या वर्षीची होती. 'उ. ३२. अजून एक वर्ष.'

वही माझ्या हातात आली तेव्हा मला तेहतीस पूर्ण होऊन महिना झाला होता.

मी दुकानाचं शटर ओढून घेतलं आणि पोटभर रडले. चार वर्षं भिंतीपलीकडे तो माणूस माझी वर्षं मोजत होता, आणि मी त्यांच्याकडून पेपर घेताना मानही वर करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहाराजवळ गेले. काकांची ओळ अर्धी उडाली होती, तरी 'चूक माझी' वाचता येत होतं. मी ती पुसली. खडूने लिहिलं, 'पौर्णिमाची लेखी परीक्षेत किती उत्तरं चुकली होती?' आणि खाली, 'उत्तर उद्या'. दिवसभर लोक दुकानात डोकावून माझ्याकडे बघत होते. बंडूजींनी चहा पाठवला.

उत्तर मला निकालाच्या दिवसापासून पाठ होतं. दुसऱ्या सकाळी ते लिहिलं. 'चोवीस. त्यातलं हरिदासकाकांचं एक. बाकी तेवीस माझी.'

लोक थांबले, वाचून गेले. रोज सगळ्यात आधी फळ्यापाशी येणारा माणूस तेवढा आला नाही.