काकूंची तेविसावी सही

श्रीखंडासाठी दही टांगायला मला एक स्वच्छ पांढरं फडकं हवं होतं. एवढ्या साध्या गरजेतून माणूस गुन्हेगार होऊ शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्याकडे एक फडकं होतं, पण राधिकाने, म्हणजे माझ्या बायकोने, त्याने गाडीच्या काचा पुसल्या होत्या. पाडवा दुसऱ्या दिवशी होता, दोन मोठे डबे दही आणून झालं होतं, आणि शोभनाकाकू-मोहनकाकांना जेवायला बोलावूनही झालं होतं. तेव्हा मी जिना चढून पाहुण्यांच्याच घरी फडकं मागायला गेलो.

काकू कामावर होत्या. फोनवर म्हणाल्या, "मशीनजवळ पडलीयेत फडकी, घे त्यातलं एखादं." दार मोहनकाकांनी उघडलं आणि टीव्हीवरची नजर न हलवता हाताने शिलाई मशीनची दिशा दाखवली. मशीनच्या एका बाजूला हळदीचे डाग पडलेल्या विटक्या फडक्यांचा ढीग होता. दुसऱ्या बाजूला एकच कापड होतं. चौकोनी, शुभ्र, इस्त्री केलेलं, कडा दुमडून शिवलेलं. कुणीही पुणेकर जे करील तेच मी केलं. चांगलं ते उचललं.

घरी येऊन धुताना त्यावर निळ्या रेघोट्या दिसल्या. शिंपी कापडावर खुणा करतात, तशी काहीतरी खूण असेल असं मला वाटलं. नळाखाली धरलं तर साबण लावायच्या आत रेघोट्या गायब. शाई इतकी समजूतदार असू शकते याचं मला कौतुकच वाटलं. मग मी त्यात दही ओतलं, गाठ मारली आणि सिंकवरच्या कपाटाच्या मुठीला टांगून टाकलं.

श्रीखंड उत्तम झालं. हे मी म्हणत नाही, काकू म्हणाल्या, आणि वर्ध्याच्या बाईने पुण्याच्या माणसाच्या श्रीखंडाला चांगलं म्हणणं ही साधी बाब नाही. दुसरी वाटी घेताना त्यांची नजर बाल्कनीत वाळत घातलेल्या कापडाकडे गेली. त्यांनी चष्मा वर सरकवला.

"ते कापड कुठलं रे, सिद्धेश?"

"तुमच्याकडचंच की."

"त्यावर निळं काही होतं का?"

"होतं," मी म्हणालो, "पण तुम्ही काळजी करू नका, लगेच निघालं."

काकूंनी वाटी खाली ठेवली. अर्धी भरलेली. मोहनकाकांनी पहिल्यांदाच ताटातून मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला एका नवऱ्याची दुसऱ्या पुरुषाबद्दलची निखळ सहानुभूती दिसली.

आता शोभनाकाकू म्हणजे कोण, ते सांगायला हवं. लेक आश्लेषा इथे अमेरिकेत, टेक्सासमध्ये नोकरीला, तिच्यामागून काकू आणि काका अर्विंगला आले. घरात बसून राहणं हे काकूंच्या प्रकृतीला मानवत नाही. महिन्याभरात त्यांनी आसपासच्या समस्त मराठी बायकांचे फॉल-पिको आणि ब्लाउज ताब्यात घेतले, आणि वर्षभरात एका कपडे दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायची, असली कामं. तिथे २००३च्या उन्हाळ्यात एक माणूस खोकंभर जर्सी घेऊन आला. आमच्या भागातल्या एका लहानशा व्यावसायिक आइस हॉकी संघाच्या त्या जर्सी. पाठीवर नावं शिवायची होती.

हॉकी बर्फावर खेळतात हे काकूंना तेव्हा समजलं. टेक्सासमध्ये खेळतात, हे समजल्यावर त्यांनी दुकानाच्या मालकिणीला दोनदा विचारून खात्री करून घेतली म्हणे. बाहेर एकशे चार डिग्री फॅरनहाइट होतं.

पण काकू खेळात मैदानातून शिरल्या नाहीत, शिवणीतून शिरल्या. दर पंधरा दिवसांनी फाटक्या जर्सी दुरुस्तीला येऊ लागल्या आणि काकू त्या वाचू लागल्या, एखाद्याने पत्रिका वाचावी तशा. हा नेहमी डाव्या खांद्यावर आपटतो. याची उजवी बाही दर महिन्याला उसवते, म्हणजे हाणामारी याच्याकडे सोपवलेली दिसते. जर्सीच्या आत पाठीकडे एक पट्टी असते. ती पँटला अडकवली की मारामारीत समोरच्याला तुमची जर्सी डोक्यावरून ओढता येत नाही. ही पट्टी पाहून काकू थक्क झाल्या. "भांडणाची सोय शिवूनच देतात यांना," त्या मला कौतुकाने सांगायच्या.

तीन महिने नुसत्या पाठी शिवल्यावर त्यांना तोंडं पाहायची इच्छा झाली. संघाचा सराव सकाळी असतो आणि बघायला पैसे पडत नाहीत, हे कळल्यावर सुटीच्या दिवशी त्या निघाल्या. पंजाबी ड्रेस, त्यावर मोहनकाकांचा स्वेटर, कानाला मफलर, पायात लोकरीचे मोजे. बाहेर लोक भाजून निघत होते आणि काकू महाबळेश्वरला निघाल्यासारख्या बसस्टॉपवर उभ्या. अर्विंगमध्ये बसची वाट पाहणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून मदत हवी का विचारतात. मीही तसाच थांबलो होतो. आमची ओळख तिथली.

सह्या गोळा करणारी मंडळी रिंकच्या, म्हणजे त्या बर्फाच्या मैदानाच्या, मागच्या दाराशी, खेळाडूंच्या गाड्या लावलेल्या असतात तिथे उभी राहतात. हे एक गंभीर जग आहे. प्लास्टिकच्या कप्प्यांच्या वह्या, त्यात खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं, या खेळात चेंडूऐवजी असतात त्या काळ्या रबरी चकत्या आणि त्या काळ्यावर उठून दिसणारी रुपेरी पेनं. नियमही आहेत. आत जाताना सही मागायची नाही, बाहेर येताना मागायची. हरल्याच्या दुसऱ्या दिवशी मागायची नाही. पेनाचं टोपण आधीच काढून ठेवायचं. काकूंनी सगळे नियम शिकून घेतले आणि सही मात्र स्वतःच्या पद्धतीने घेतली. भरतकामाची गोल लाकडी फ्रेम, तिच्यात ताणून बसवलेलं पांढरं कापड, आणि शिंप्यांचं ते निळं पेन, ज्याची शाई पाण्याने उडते. खेळाडूने कापडावर सही करायची. काकू घरी येऊन त्या सहीवरून निळ्या दोऱ्याने उलटी टीप घालायच्या. मग कापड धुवायचं. शाई जाते, दोऱ्याची सही राहते. असे चौकोन जोडून त्यांची चादर होणार होती, सहा-सहा चौकोनांच्या चार ओळींची. संघात खेळाडू तेवीस. चोविसावा चौकोन कुणाचा, ते ठरलं नव्हतं.

साध्या पेनाने सही घेऊन मोकळं का होत नाही, असं मी एकदा विचारलं होतं. "मग ती त्यांची झाली, माझी कशी?" काकू म्हणाल्या.

तर बावीस चौकोन भरून, धुऊन, इस्त्री होऊन तयार होते. तेविसावा होता गोलकीपर वॉल्डनबर्गर. इंग्रजीत बारा अक्षरं. पहिल्या जर्सीवर हे आडनाव एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत बसवताना काकूंना अक्षरं बारीक करावी लागली होती, त्यामुळे त्यांचं त्याच्यावर विशेष लक्ष. आणि नेमका हाच सापडत नसे. गोलकीपर लोक लहरी असतात, निराळ्याच दाराने जातात. तीन मोसम गेले, आणि शेवटी त्या मार्चमध्ये एका सोमवारी तो सापडला. ही बाई आपलं नाव शिवते असं कळल्यावर त्याने फ्रेम मांडीवर घेऊन, गाडीच्या पायरीवर बसून, बाराच्या बारा अक्षरं सावकाश लिहिली. बुधवारी मी ती नळाखाली धरली.

शनिवारी मोसमाचा शेवटचा सामना होता. त्यानंतर वॉल्डनबर्गर खेळणं सोडून कॅनडात वडिलांच्या शेतावर परत जाणार होता, हे काकूंना रिंकवरच्या एका म्हाताऱ्या सहीवाल्याने सांगितलं होतं. म्हणजे उरला शुक्रवारचा सराव.

काकूंनी मला नुसतं "उद्या किती वाजता निघशील?" असं विचारलं. मी ऑफिसला वर्क फ्रॉम होम कळवलं आणि काकूंना घेऊन निघालो. प्रायश्चित्त म्हणून वाटेत कायमच्या शाईची तीन पेनं विकत घेतली. काकूंनी ती पाहिली आणि माझ्याच खिशात राहू दिली.

सरावात वॉल्डनबर्गर नव्हता. जाळीसमोर दुसराच कुणी पोरगेला गोलकीपर उभा होता. म्हाताऱ्या सहीवाल्याने सांगितलं की काल रात्रीच्या सामन्यात वॉल्डनबर्गरच्या उजव्या हाताला चकती लागली, दोन बोटं मोडली, आता तो शनिवारीही खेळत नाही. काकू ऐकून घेत राहिल्या. मग फ्रेम पिशवीत घातली, पिशवी मांडीवर घेतली, आणि बर्फाकडे पाहत बसल्या. त्या शिव्या देत्या तर बरं वाटलं असतं.

मला काहीतरी करणं भाग होतं. तो आलाच तर सापडावा म्हणून मी मागच्या दाराशी जाऊन पहारा दिला. पंचाईत अशी, की वॉल्डनबर्गरला मी आजवर फक्त लोखंडी जाळीच्या मुखवट्यात पाहिलेलं. थोड्या वेळाने एक भलादांडगा, दाढीवाला माणूस हात चोळत बाहेर आला. हाताला बँडेज आहे का हे पाहायचंही मला सुचलं नाही, मी धावलो. त्याच्या कारकिर्दीबद्दल दोन वाक्यं पाठ केली होती ती म्हटली, काकूंकडून मागून घेतलेलं जादा कापड आणि निळं पेन पुढे केलं. तो गहिवरला. अकरा वर्षांत आपल्याला कुणी सही मागितली नव्हती असं म्हणाला. मला हे जरा विचित्र वाटलं, पण सही हातात पडली होती. काकूंना नेऊन दिली. त्यांनी ती जवळ धरून वाचली.

"हा बर्फ सपाट करायचं यंत्र चालवतो," त्या म्हणाल्या.

मी कापड परत घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते घडी घालून पिशवीत ठेवलं. "राहू दे. चोविसावा झाला. त्याच्याशिवाय ही पोरं काय मातीत खेळणार आहेत?"

आणि तेवढ्यात त्या उठल्या. पलीकडच्या दाराने, एका खांद्यावर पिशवी टाकून, उजवा हात पांढऱ्या बँडेजात गुंडाळलेला असा एक उंच, सडपातळ माणूस चालला होता. आपलं सामान न्यायला आला असावा. मी ज्याला पकडलं होतं त्याच्या निम्मा होता. काकूंचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या दोनदा थांबतात, पण त्या दिवशी मी त्यांच्या मागे पडलो.

त्याने त्यांना लगेच ओळखलं. हात पाहून काकूंनी आधी जेवलास का विचारलं, मग हाताचं विचारलं, मग कोरं कापड ताणलेली फ्रेम नुसती दाखवली. सोमवारी तर केली होती सही, असं तो म्हणाला. काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"योगर्ट," त्या म्हणाल्या.

काय झालं ते मीच अपराधी इंग्रजीत समजावलं. दही का टांगावं लागतं इथपासून सुरुवात करावी लागली. त्या माणसाने नऊ वर्षं अंगावर चकत्या झेलल्या होत्या, पण माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं, तशा नजरेने त्या चकत्यांकडेही पाहिलं नसेल. मग बँडेजकडे पाहिलं, खांदे उडवले, आणि पेन डाव्या हातात घेतलं.

डाव्या हाताने बारा अक्षरं. पहिलं अक्षर उमटायलाच मिनिटभर लागलं. दुसरं पहिल्याच्या अंगावर कोसळलं. हात पुढे सरकेना, तेव्हा काकूंनी फ्रेम दोन्ही हातांत धरली आणि मशीनच्या सुईखाली कापड सरकवतात तशी त्याच्या पेनाखाली ती हळूहळू सरकवायला लागल्या. त्याने पेन फक्त टेकवून धरायचं, वर-खाली करायचं. बाकीचं काम त्या कापडाकडून करून घेत होत्या. मधेच त्याची जीभ दातांत आली, पहिलीतल्या पोराची येते तशी. शेवटचं अक्षर फ्रेमच्या लाकडाला जाऊन टेकलं. पूर्ण झाल्यावर त्याने ते स्वतःच लांब धरून पाहिलं आणि हसला. काकूंनी त्याच्या दंडावर थोपटलं, घरी गेल्यावर हाताला हळद लाव म्हणून सांगितलं, आणि ती कशी लावायची तेही सांगितलं.

गाडीत बसल्याबसल्या त्यांनी पिशवीतून सुई काढली. पहिल्याच सिग्नलला दोरा ओवला. माझ्या पाण्याच्या बाटलीकडे पाहून ती मागच्या सीटवर फेकली आणि उलटी टीप घालायला लागल्या. दोन सिग्नलमध्ये पहिलं अक्षर पक्कं झालं. मला आता बरं वाटायला लागलं होतं. इतकं बरं, की मी बोलायला लागलो. म्हटलं, काकू, एका परीने झालं ते चांगलंच झालं. अशी सही कुणाकडेच नसेल. मोडलेल्या हाताची, डाव्या हाताने केलेली, निम्मी तुम्हीच लिहिलेली. माझ्यामुळे तर खरी दुर्मीळ वस्तू तयार झाली.

काकूंनी दोरा दाताने तोडला, फ्रेम जरा दूर धरून ती वेडीवाकडी अक्षरं पाहिली.

"आधीची चांगली होती."