आंधळगावची वाट आणि परीची उंची

माझी मामेबहीण सुनीता आंधळगावजवळच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. "धान लोंबीवर आलं, तलाव भरले, ये नं व!" असा तिचा फोन दरवर्षी येतो. यंदा तिने पुढे जोडलं, "आन् नागपुरात दुरुस्तीले टाकलेली आमची फळी घेऊन ये." तान्ह्यांना आडवं झोपवून उंची मोजायची ती लाकडी फळी. निघाले.

नागपूर-भंडारा एसटी, मग तुमसरच्या बसने मोहाडी, पुढे ऑटो. भंडाऱ्याच्या स्टँडवरचा गरम आलुबोंडा चुकवू नका. ऑटोत फळी शेजारच्या काकांच्याही मांडीवर गेली.

"पाळणा हाय का?"

"नाही, उंची मोजायची आहे."

"मंग माही मोजता का?"

त्यांच्या कमरेपर्यंतच पुरली असती.

तलावात शिंगाड्याचे वेल पसरलेले, पलीकडे पिवळं पडू लागलेलं धान. दोन-चार फोटो होतात न होतात तोच सुनीताने मला कामाला जुंपलं. पावणेदोन वर्षांच्या परीच्या घरी गेलो. मी परीचे पाय धरले, तिने माझा चष्मा धरला. उंची वयाच्या मानाने बरीच कमी भरली.

"फळीच बसमंधी आखडली असन," परीची आजी म्हणाली. "आन् आमचं खानदानच बुटकं हाय."

तेवढ्यात परीचे बाबा शेतावरून आले आणि दाराच्या चौकटीवर खाडकन डोकं आपटलं. मग आजीच पहिली हसली.

परी खायची भात, वरणाचं पाणी आणि मधूनमधून पाकिटातले चिप्स. अंगणात कोंबड्या फिरत होत्या.

"अंडे कोन खाते?" सुनीताने विचारलं.

बाबा डोकं चोळत छपराकडे पाहू लागले.

"थो राबते नं दिवसभर," आजी मुलाची बाजू घेत म्हणाली.

"मी पोटुशी होती, तवाबी मले नाही भेटलं," चुलीपाशी बसलेली परीची आई म्हणाली. आम्ही आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती.

"आजी, उंची पोटातूनच खुंटाले लागते," सुनीता हळूच म्हणाली. "वजन लवकर भरते, उंचीले वरसं लागतात."

आजीने जेवायला अंड्याची भाजी केली. पहिलं अंडं परीला, दुसरं सुनेला. पाहुणीच्या ताटात नुसता रस्सा आला. झणझणीत होता, मी दोनदा मागून घेतला.

घरी परतून काही महिने झाले. परवा सुनीताचा फोन आला, परीच्याच घरून. परी थोडी वाढली आहे, पण राहिलेलं अंतर सगळं भरून निघेलच असं नाही, म्हणाली. ते ऐकून वाईट वाटलं. मग कळलं, परीच्या आईला पुन्हा दिवस गेलेत आणि सून अंडं संपवेपर्यंत आजी तिच्यासमोरून हलत नाही.

"ताईले सांगा," मागून सून ओरडली, "आता कोंबडी दिसली का मले पळूशी वाटते!"