हरकतभाऊंची वही

हरकतभाऊंनी पहिल्या झटक्यात "हो" म्हटलेले मी फक्त चहाच्या बाबतीत पाहिले. बाकी कोणताही प्रस्ताव समोर आला की त्यांचे पहिले शब्द ठरलेले असत: "हरकत हाय." त्यावरूनच त्यांना हे नाव पडले.

मुलांनो, नागरिकांची कामे संगणकावर आणणाऱ्या शाखेत आम्ही दोघे होतो. मी अधिकारी, ते माझ्या हाताखालचे अव्वल कारकून. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, अशी प्रत्येक सेवा सुरू होण्याआधी ती तपासून परवानगी देणे हे आमचे काम. रिया, तुझ्या कंपनीत याला सर्व्हिस गव्हर्नन्स म्हणतात आणि त्यासाठी भिंतभर पडद्यावर तक्ते असतात. हरकतभाऊंकडे लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही होती. रकाने चार: सेवा कोणती, तिचा मालक कोण, त्याचा फोन, आणि ती कोण कोण वापरते. संगणकांच्या खोलीत वही पाहून नवे अभियंते हसायचे. भाऊ म्हणायचे, "हसा. पण आधी नाव लिहा, मग हसा."

मालक म्हणजे जबाबदार माणूस. त्या रकान्यात कुणी नुसते 'विभाग' लिहिले की ते विचारत, "विभागाला कान असतात का? फोन कोण उचलणार?" मग माणसाचे नाव लिहून घेत आणि दुसऱ्या दिवशी भर जेवणाच्या सुट्टीत त्या नंबरवर फोन लावत. उचलला तर परवानगी, नाही तर फाइल परत. एकदा एका बड्या अधिकाऱ्याने तोंडात घास असतानाच फोन उचलला. "जेवा साहेब, जेवा," भाऊ म्हणाले, "पास झालात."

शिष्यवृत्तीच्या नव्या पोर्टलची चाचणी चालू होती तेव्हा उस्मानपुऱ्यातली एक मुलगी आमच्याकडे तीनदा आली. तिच्या जातीच्या दाखल्यावर नाव चुकले होते. ते तिने रीतसर दुरुस्त करून घेतले होते, तरी पोर्टल अर्ज नाकारत होते. कारण पोर्टलवाल्यांनी दाखल्यांच्या यादीची स्वतःपुरती नक्कल काढून ठेवली होती, आणि नकलेत जुनेच नाव होते.

"पोरीनं तहसीलला सांगितलं," भाऊ अभियंत्याला म्हणाले. "तुमच्या नकलेला कोण सांगणार? दाखला ज्यानं दिला त्यालाच विचारा की. दर वेळी विचारा."

उद्घाटन दहा दिवसांवर आले होते. आमचे वरिष्ठ साहेब स्वतः खाली आले. "पाहुणे ठरलेत. तूर्त नक्कल चालू द्या, जोडणी नंतर करू."

"हरकत हाय," भाऊ म्हणाले. "सरकारी तूर्त कधी मरत नाय, साहेब. ही पोरगी मात्र यंदाच कॉलेजला चाललीय."

चौथ्या दिवशी त्यांची बदली लासूर स्टेशनला झाली. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "म्याडम, माझ्यासाठी भांडू नका. लासूर आपलंच गाव, बायको लई खूश हाय. भांडायचंच असंल तर वहीसाठी भांडा."

खरे सांगते, मी भांडणारी नव्हते. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. माझ्या टिपण्या साऱ्या कार्यालयात नावाजलेल्या. एखादा नियम बाजूला सारायचा असला की साहेब तो माझ्या इंग्रजीतून सारत. भाऊंच्या कितीतरी हरकती मीच, स्वल्पविराम नीट देऊन, मोडून काढल्या होत्या.

त्या संध्याकाळी साहेबांनी बोलावले. "मॅडम, एक सवलतीची टिपणी. तुमच्या त्या छान इंग्रजीत."

मी तिथेच बसून मराठीत लिहिली. "नक्कल चालणार नाही. मूळ सेवेलाच विचारावे. मालकाचे नाव येईपर्यंत परवानगी नाही." खाली सही केली.

साहेबांनी वाचून कागद बाजूला ठेवला. "तुम्हालाही लासूर आवडतं वाटतं."

"गाडी किती वाजता असते, सर?" मी विचारले.

उद्घाटनाचा मांडव तसाच उतरवावा लागला. महिन्याभराने पोर्टल मूळ सेवेला जोडून सुरू झाले आणि त्या मुलीचा अर्ज या वेळी लगेच स्वीकारला गेला. परवानगी देण्याआधी मालकाच्या रकान्यात मात्र कुणी नाव लिहायला तयार होईना, म्हणून मी माझे लिहिले, नंबरही माझाच; पोर्टलवरही तोच दिला गेला. दुसऱ्या दिवशी मी डबा उघडते तोच फोन वाजला. भाऊंना कुणी कळवले, देव जाणे.

"पास झालात, म्याडम."

भाऊ गेल्या वर्षी गेले. मी निवृत्त झाले त्यालाही आता बरेच दिवस झाले. त्यांचा एक नियम होता: नवा मालक स्वतःच्या हाताने नाव लिहीत नाही तोवर जुने खोडायचे नाही. अजून कुणी लिहिलेले नाही. त्यामुळे गारखेड्याच्या या घरात दुपारी जेवताना अधूनमधून एखादा फोन येतो, "शिष्यवृत्तीचं तुम्हीच बघता का?" तुमचे बाबा म्हणतात, आई, नंबर बदलून टाक. मी बदलत नाही. उजवा हात खरकटा असतो, म्हणून डाव्या हाताने अर्जदाराचे नाव कसेबसे लिहून घेते आणि लगेच कार्यालयाला फोन लावते.

"मॅडम," तिथला नवा साहेब वैतागून म्हणतो, "तुम्ही रिटायर झालात. आता तुमचा काय संबंध?"

"लाल वही उघडा," मी सांगते. "रकाना दुसरा."