गुरुवारची पोटदुखी

तिसरीतल्या माझ्या मुलीचं पोट दर गुरुवारी दुखायचं. कारण सापडायला चार महिने लागले, आणि मी पोटासाठी दोष शोधण्याचंच काम करतो.

भोसरीतली आमची कंपनी लोखंडी ब्रॅकेट बनवते. ते चाकणच्या एका मोठ्या प्लांटमध्ये गाड्यांना लागतात. मी पगार आमच्या कंपनीचा घेतो आणि बसतो त्यांच्या प्लांटमध्ये, आमचा माल खराब निघाला की बोलणी खायला. कार्डावर रेसिडेंट इंजिनिअर असं लिहिलंय. बार्शीला सासरे लोकांना एवढंच सांगतात की जावई चाकणला असतात.

भोसरीला सुट्टी गुरुवारी आणि त्या प्लांटला रविवारी. म्हणजे माझ्या गुरुवारी त्यांची लाइन चालू, आणि त्यांच्या रविवारी आमचे साहेब मला आठवड्याच्या तक्रारी वाचून दाखवायला बोलावणार. म्हणून गुरुवारी मी मोशीच्या फ्लॅटमध्ये बर्म्युडा घालून फोनची वाट बघत बसतो. ब्रॅकेटचं भोक जरा सरकलेलं निघालं की त्यांची लाइन थांबते, शेकडो माणसं हात बांधून उभी राहतात आणि तिथला सुपरवायझर ताबडतोब या म्हणून मला फोन लावतो.

फोन वाजला की आधी माझे तळहात गार पडतात. मग तोंडाला कोरड, मग छातीत धडधड, आणि मग पोट. पोटाचं सविस्तर सांगत नाही. आमच्या भाषेत, माझ्याआधी माझा माल डिस्पॅच होतो.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "शरीराला वाटतं समोर वाघ आहे. पोटातलं रक्त पायांकडे जातं, पळायला."

"डॉक्टर, पळणार कुठे? चिंबळी फाट्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये दुचाकीसुद्धा सरकत नाही."

"ते शरीराला माहीत नसतं," डॉक्टर म्हणाले. "आणि तुमच्याकडे तो वाघ रोज येतो, म्हणून शरीर आता नुसत्या आवाजालाच घाबरतंय."

आमच्याकडे वाघ नाही, बिबट्या येतो. पण तो बिचारा आधी फोन करत नाही.

डॉक्टरांनी रिंगटोन बदलायला सांगितली. मी बासरी लावली. पंधरा दिवसांत मला बासरीची भीती बसली. तळेगावला मेहुणीच्या लग्नात जेवताना हॉलवाल्यांनी बासरी लावली, तर मी हातातली जिलेबी घेऊन थेट पार्किंगमध्ये. मग फोन व्हायब्रेटवर टाकला, तर बायकोने मिक्सर लावला की मी उठून उभा. सायलेंट केला तेव्हा दर दोन मिनिटांनी स्वतःच उघडून बघायला लागलो. शेवटी जुनीच रिंगटोन परत लावली.

हे सगळं मी लोकांना हसत सांगायचो, लोकही हसायचे. एक भाग मात्र गाळायचो. फोन वाजल्यापासून दार लागेपर्यंतची सात-आठ मिनिटं मी माणसात नसतो. मोजा एकच सापडला की ओरडतो. किल्ली कुणी हलवली, हेल्मेट कुठंय, बाटली का भरली नाही, या घरात एक वस्तू जागेवर असेल तर शपथ. बायको एकदा म्हणाली, "लाइन त्यांची थांबते आणि श्वास आमचे." मला ते वाक्य आवडलं. प्लांटमध्ये चहावर दोघांना ऐकवलंही.

तर मुलीचं पोट. आधी मी पॅकेटमधल्या खाऊवर ठपका ठेवला आणि तो बंद केला. मुलांच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. बायकोने दृष्ट काढली. शेवटी बायकोनेच कॅलेंडरवर खुणा केल्या, तेव्हा सगळ्या खुणा गुरुवारच्या निघाल्या. मला लगेच मूळ कारण सापडलं. मी शाळेत जाऊन तिच्या बाईंना म्हटलं, "गुरुवारचा गणिताचा तास हलवता येईल का?"

"गुरुवारी गणित नसतंच," बाई म्हणाल्या. "गुरुवारी चित्रकला आणि खेळ. पण शाळा सुटायची वेळ झाली की ती पोट धरून बसते."

मी घरी येऊन बायकोला म्हटलं, बाईंचं लक्ष नसतं.

पुढच्या गुरुवारी दुपारी मुलगी शाळेतून आली, तेव्हा मी अंघोळीला गेलो होतो. नळाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तर दाराशी माझे बूट जोडीने ठेवलेले. प्रत्येक बुटात एकेक मोजा. स्टुलावर हेल्मेट, त्यात किल्ली, शेजारी भरलेली बाटली. मुलगी एका हातात माझा फोन आणि दुसऱ्या हाताने पोट धरून भिंतीला टेकून उभी होती.

"वाजला होता," ती म्हणाली. "सगळं ठेवलंय पप्पा. आता ओरडू नका."

फोन घेताना तिचा हात लागला. गार होता. तो गारवा मला चांगला ओळखीचा आहे. मी मिस्ड कॉल पाहिला आणि उलट लावला. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, तळेगावला एनए प्लॉट आहेत, साइट व्हिजिट कधी करताय?"

मी तसाच टॉवेलवर फरशीवर बसलो. मला फार लाज वाटली. तिला शेजारी घेतलं, हात चोळले. म्हटलं, "बाळा, काही नव्हतं गं. चुकीचा फोन."

तेवढ्यात तो परत वाजला. या वेळी प्लांटचा सुपरवायझरच होता. माझी छाती धडधडायला लागली आणि मुलगी आणखी जवळ सरकली. मी तिचा हात न सोडता फोन उचलला.

"काही नाही राव," तो म्हणाला, "उद्याचा माल किती वाजता येतोय, विचारायचं होतं."

"लाइन?"

"चालूय की. तुम्ही सुट्टी घ्या भाऊ निवांत."

फोन ठेवून मी मुलीला सांगितलं, "बघ, मी जात नाहीये. आज नाहीच जाणार. जा, ठेव ते बूट रॅकमध्ये."

ती बुटांपाशी गेली. वाकून एका बुटाबाहेर आलेला मोजा तिने नीट आत सारला आणि परत माझ्याजवळ येऊन बसली.

"राहू देत तिथेच," ती म्हणाली. "परत वाजला तर?"