ओटीच्या खणांचं जाकीट

ती बारामतीत येणार हे कळलं त्या दिवशी मी एका बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या. इंदापुरात स्टँडच्या मागं माझं शिलाईचं दुकान हाय, पंचवीस वर्षं झाली, असली चूक शिकाऊ पोरगीसुद्धा करत न्हाय. कापड भरून द्यावं लागलं, वर बाईची बोलणी खाल्ली. पण डोकं जाग्यावर होतं कुठं? पेपरात तिचा फोटो आला होता. अर्धे पांढरे केस मोकळे सोडलेले, आणि खाली लिहिलेलं, आपल्या मातीतली नामवंत फॅशन डिझायनर, तिच्या कामाचं प्रदर्शन बारामतीत कॉलेजच्या संग्रहालयात, शेवटच्या दिवशी ती स्वतः बोलणार. माती म्हणे! हिनं माती कधी हाताला लागू दिली का, ते मला विचारा.

आमी दोघी बारामतीला एकाच शिवणक्लासला होतो. मी इंदापूरवरनं एसटीनं यायची, ती बारामतीचीच, बंगल्यात राहणारी. मशीन शेजारी-शेजारी. तिला सरळ टीप मारता यायची न्हाय, पण बोलायला आणि चित्रं काढायला एक नंबर. तिची हातशिलाई मी करून द्यायची आणि माझा डबा ती खायची. मैत्रीणच होती, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी दिवाळीत मी एक जाकीट शिवलं. आमच्याकडं ओटीत आलेल्या खणांचा ढीग घरोघर असतोय. कुणी शिवत न्हाय, कापड पुरत न्हाय; हिच्या ओटीतला तिच्या ओटीत, असा गावभर फिरत राहतोय. आणि फिरता-फिरता जिनं दिला तिच्याच ओटीत परत पडला तर नाक कापलं जातं. म्हणून माझी आई आलेल्या खणाच्या कोपऱ्यावर बॉलपेननं लिहून ठेवायची, काटेवाडीची नणंद, लोणीची वैनी, असं. त्या ढिगातले खण काढून मी जोडले. तुकड्याला तुकडा, रंगाला रंग बघून, काठ कधी उभे कधी आडवे. एक खण कमी पडत होता. आईनं ट्रंकेच्या तळातनं काढून दिला. तिच्या आईनं तिला दिलेला शेवटचा खण तो, आजवर कुणाच्या ओटीत घातला नव्हता. त्याच्यावर नुसतं 'आई' लिहिलेलं. मी म्हटलं, नको, राहू दे. आई म्हणाली, "घाल. अंगावर तरी पडंल कुणाच्या."

क्लासच्या बाईंनी ते जाकीट सगळ्यांना दाखवलं. तिनं त्याच दिवशी मागितलं. मावसबहिणीच्या लग्नात पुण्याला घालते आणि सोमवारी आणून देते, म्हणाली. मी दिलं. सोमवारी ती आली न्हाय. त्याच्या पुढच्या सोमवारी मी तिच्या बंगल्यावर गेले तर तिच्या आईनं दारातनंच सांगितलं, ती मुंबईला शिकायला गेली.

दोन वर्षांनी पुरवणीत फोटो आला. एक उंच पोरगी, अंगात माझं जाकीट, आणि मजकूर काय, तर तरुण डिझायनरची अभिनव कल्पना. तळपायाची आग मस्तकात गेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पण तवर माझं लग्न झालेलं, पोटात पोर. मुंबईत कुणाच्या दारात जाऊन उभी राहणार होते? मूग गिळून बसले, आणि डूख धरला. आई मात्र दर दिवाळीला विचारायची, "आणलास का गं तो खण?" मरायच्या आदल्या महिन्यातसुद्धा विचारलं. फोटो बघितला त्या दिवसापास्नं मला एकच पाहिजे होतं. तिनं चार माणसांत तोंडानं म्हणावं, की हे हिचं हाय.

शेवटच्या दिवशी मी धाकट्या जावंला घेऊन गेले. इस्त्रीची साडी नेसले, लिपस्टिकसुद्धा लावली. जाऊ म्हणाली, "वैनी, लग्नाला निघालाय का भांडायला?" मी म्हटलं, "गप चल."

गार हॉल, जमिनीवर पावलं वाजू नयेत असा गालिचा. तिचे झगे, कोट, साड्या काय काय उभं केलेलं. खोटं बोलणार न्हाय, काही कपडे चांगले होते. एक निळा कोट तर मी चोरून मागनं-पुढनं दोनदा बघितला. आणि सगळ्यात पहिल्या मानाच्या जागी माझं जाकीट. पुढनं उघडं ठेवलेलं, अस्तर न्हाय, त्यामुळं आतलं आईचं बॉलपेनचं अक्षर दिसत होतं. खाली पाटी होती. खेड्यातल्या अनाम स्त्रियांनी आपली ओळख जपण्यासाठी कापडावर केलेल्या सह्या, डिझायनरची पहिली निर्मिती, स्वतःच्या हातांनी शिवलेली. मी ती पाटी तीनदा वाचली.

मग ती आली आणि तितंच माईक घेऊन बोलायला लागली. मराठी आता अगदी इस्त्री केलेलं. जाकिटाला हात लावून म्हणाली, "या अक्षरांमधून प्रत्येक स्त्री आपल्याला सांगते, की मी आहे."

"न्हाय ओ बाई," मी बसल्या जागेवरनं म्हटलं. "ती सांगती, हा खण परत हिच्याच ओटीत घालू नका."

हॉलमधल्या बायका अशा हसल्या म्हणता! बारामती-इंदापूरच्या बायका, प्रत्येकीच्या कपाटात तसला ढीग. पदर तोंडाला लावून हसत होत्या. तिलाही ते माहीत होतंच, क्लासमध्ये मीच सांगितलं होतं आणि दोघी पोट धरून हसलो होतो. पण मुंबईत सही म्हटलं की टाळ्या पडत असतील. तिचा चेहरा उतरला. मला काय गोड वाटलं ते सांगता येत न्हाय.

"आपण कोण?" तिनं विचारलं. ओळखलं होतं तिनं.

मी उभी राहिले. "हे जाकीट मी शिवलंय. सोमवारी परत देणार होतीस."

एक प्राध्यापक पुढं आले, "ताई, प्रश्न शेवटी घेऊ." माझी जाऊ त्यांना म्हणाली, "शेवटच चाललाय की. बोलू द्या."

संग्रहालयाची एक मुलगी पांढरे हातमोजे घालून जाकिटापाशी उभी होती. मी तिला म्हटलं, "मी हितनं सांगते, तू उलटून वाच. उजवा खांदा, काटेवाडीची नणंद."

तिनं बघितलं. "काटेवाडीची नणंद," ती म्हणाली.

"डाव्या बगलेत, लोणीची वैनी."

"लोणीची वैनी."

"पाठीवर वरचा तुकडा डॉक्टरीणबाई. त्याच्या खाली, शेजारची, आणि शेजारची खोडून मागच्या आळीची."

मुलगी आता एकेक तुकडा बघून नुसती मान हलवत होती. हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं.

"आता गळ्याच्या मागची पट्टी उचल. ते बाहेरनं दिसत न्हाय. शिवणारणीलाच ठाऊक."

मुलीनं पट्टी अलगद वर केली, वाकून बघितलं आणि हळू वाचलं, "आई."

सगळे डिझायनरबाईकडं बघायला लागले. ती माईक धरून उभी. मग म्हणाली, "खरं आहे. हे हिनं शिवलंय. कल्पना हिचीच. मी परत दिलं नाही."

एवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं, असं जाऊ आजही म्हणती. मी थांबले न्हाय. त्या मुलीला कागद आणि पेन आणायला लावलं. माझं नाव, वडलांचं नाव, इंदापूर, हे लिहून घेतलं. मुलगी म्हणाली, "मॅडमचं नाव कुठं लिहू?"

"खाली. नेऊन परत न देणारी, असं."

मुलीनं तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "लिही." कागद त्या पाटीवर चिकटवला तवर मी हलले न्हाय. जावंनं फोटो काढला, आणि आमी घरी पोचायच्या आत तो सगळ्या इंदापुरात फिरला.

निघताना ती पायऱ्यांपर्यंत मागं आली. मला वाटलं, आता रडंल, हात जोडंल, आणि मी न्हाय म्हणीन. ते न्हाय म्हणायची तयारी मी किती वर्षं केली होती. पण ती क्लासमधल्या जुन्या बोलीत म्हणाली, "एक विचारू का गं? मी त्या एका जाकिटावरनं पुढं कितीतरी शिवून घेतली. तुझ्याकडं हात होता, खणांचा ढीग होता. तू दुसरं का न्हाय शिवलंस?"

"वेळ न्हाय मिळाला," मी म्हटलं.

खोटं बोलले. दुकान आठाला बंद होतंय. कपाटात खण अजून हायत, आईनं लिहिलेलेसुद्धा. ती येईल, ते परत देईल, मग दुसरं शिवीन, असं म्हणत मी बसून राहिले. दुसऱ्यांच्या मापाचे ब्लाऊज शिवत राहिले, आणि हात होता तो तेवढ्यातच गेला.

एसटीत जाऊ म्हणाली, "वैनी, जिंकलात की. आता सोडा तिला." जाकीट नेल्याबद्दल सोडीन बी एखाद्या दिवशी. पण हे जे तिनं पायरीवर विचारलं, त्याबद्दल मी तिला कधी माफ करणार न्हाय.