घोडीवरची गादी

तक्रारदार : मी स्वतः, वाशीम तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस; शिक्षण इयत्ता चौथी, त्यापुढील सर्व अनुभवाने. गैरअर्जदार : माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, धंदा शेती, राहणार मौजे केनवड. घटनेचा काळ : आपला वऱ्हाड मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या आगेमागे. साक्षीदार : एक, माझी बहीण; दोन, रिसोडचे लोहार मिस्त्री; तीन, वेळ पडल्यास, खुद्द मोटार.

तक्रारीचा मजकूर असा की, सुख कशात आहे या प्रश्नाचे उत्तर थोर पुरुषांनी नाना ठिकाणी शोधले असेल. परंतु ते मोटारीच्या बुडाखाली पालथे पडून शोधणारा गृहस्थ आमच्या जवाईबुवांखेरीज, म्हणजे सदर गैरअर्जदारांखेरीज, या भूतलावर दुसरा झाला नाही.

एका कापसाच्या जिनिंगच्या मालकाने टाकून दिलेली जुनी उघडी मोटार त्यांनी विकत घेतली, त्या दिवसापासून त्यांचे चित्त तिच्या पाट्यांवर जडले. पाटा म्हणजे चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्या मधली लोखंडी पट्ट्यांची कमानदार थप्पी. पट्ट्या वाढवल्या की गाडी ताठ होते, कमी केल्या की मऊ होते, एवढे मलाही समजते. पण जवाईबुवांना दोन्ही हवे होते. वळणावर गाडीने मान टाकू नये, प्रवासी सर्व्हिस मोटारीला तिने धुळीत मागे सोडावे आणि तरीही आतल्या माणसाला आपण लोडाला टेकून बसलो आहोत असे वाटावे, ही त्यांची मागणी. मिस्त्री पट्ट्या काढून काढून आणि घालून घालून थकले. अखेर हातोडा खाली ठेवून ते म्हणाले, "मालक, एक काय ते ठरवा. तुमाले गादी पायजे का घोडी?"

जवाईबुवा क्षणाचाही विलंब न लावता उत्तरले, "मले घोडीवर गादी पायजे."

या ध्यासापायी त्यांना जग दाबून पाहण्याची सवय लागली. उभी गाडी दिसली की तिचा कोपरा दोन्ही हातांनी खाली दाबायचा, सोडायचा आणि मान तिरपी करून ती किती वेळ हलते ते पाहायचे. लगेच स्थिरावली तर "घरंदाज हाय". डुलतच राहिली तर "पिऊन आली". एकदा त्यांनी कचेरीसमोर उभी असलेली एका साहेबांची जीप अशी दाबली. साहेब आत बसून चहा पीत होते. पुढे जे घडले त्याबद्दल दिलगिरीचा अर्ज मीच लिहून दिला, आणि साहेब त्यावर सही घेत असताना जवाईबुवा त्यांना समजावत होते की चहा सांडला यात चहाचा दोष नाही, मागचे पाटे बसले आहेत. लग्नाला गेले तर मांडवातली गादी दाबत, आजाऱ्याला भेटायला गेले तर बाज. माझ्या घरच्या बाजेची सुंभाची वीण तर त्यांनी मी झोपलेलो असताना आवळली, म्हणाले, "दादा, तुमी वळणावर लय कलंडून राह्यले होते."

पाट्यांची परीक्षा घेण्याची त्यांची रीत ठरलेली होती. पुढच्या बाकावर, त्यांच्या शेजारी, मी बसावयाचे. बायकोचा थोरला भाऊ म्हणून ती मानाची जागा माझीच. माझ्या मांडीवर ताकाचा काठोकाठ भरलेला पितळी गिलास. मागे माझी बहीण, डोक्यावरचा पदर दातांत धरून, कारण आमच्याकडे पुरुष मंडळी पुढे आणि बाईमाणूस मागे, यात कोणाला विचारण्यासारखे काही नव्हते. गाडी सुटे, नाला ओलांडे, वळण घेई. ताक स्थिर राहिले की मी म्हणे, "वा! वा, जवाईबुवा, याला म्हणतात सुख!" आणि मी उगाच कोणाला चांगले म्हणणारा माणूस नाही, हे सारी कचेरी जाणते.

अशा सुखाच्या तीन-चार फेऱ्या झाल्यावर बहिणीने मोटारीत पाऊल टाकणे बंद केले. "मले दमनीच बरी," एवढेच ती बोले आणि छपराच्या बैलगाडीत जाऊन बसे. त्या दिवाळीत भाऊबिजेला ती माझ्याकडे आली तीही दमणीतून, मोटारीच्या पुष्कळ नंतर, बैलांसारखीच धुळीने माखून. गल्लीतल्या बाया खिडक्यांतून पाहत होत्या. एकीने तर तोंडावरच विचारले, "कावो, नवऱ्याचं अन् तुमचं पटत नाई काय?" बहीण हसली, पण ते हसणे मला आवडले नाही. जवाईबुवांनीही तो प्रश्न ऐकला होता. परतीच्या दिवशी दमणीला बैल जुंपू लागताच ते अंगणात उभे राहून म्हणाले, "ऐक. आज तू बसली नाई, त मोटार इकून टाकतो. माह्या एकट्यासाठी नोयती घेतली मी ते." नव्या पट्ट्यांचा आवाज ऐकायला मुद्दाम सोबत आणलेले मिस्त्रीसुद्धा हे ऐकून खाली पाहू लागले.

बहिणीने विचारले, "तुमी कधी मांगं बसून पाह्यलं काय?"

पाहिले नव्हते. मालक मागे बसणार कसा? पण त्या दिवशी बसला. चालवायला मिस्त्री, पुढे माझ्या जागी मी, आणि मागे, थेट चाकांच्या डोक्यावर, जवाईबुवा. शिरपूरच्या रस्त्याला लागलो. पहिल्या चाकोरीला मागून "अबे!" असा उद्गार आला. दुसऱ्या खड्ड्याला टोपी उडून माझ्या खांद्यावर पडली. मी वळून पाहिले, तर वळणावर गाडी मुळीच कलत नव्हती आणि जवाईबुवा दोन्ही हातांनी कंबर धरून बसले होते.

अंगणात उतरल्यावर ते पाट्यांकडे गेले नाहीत, बहिणीकडे गेले. "इतके दिवस बोलली काहून नाई?"

"काय बोलू? दादा समोर बसून वा वा करून राह्यले होते. मले वाटलं, सुख मलेच समजत नाई."

मिस्त्री घाईने म्हणाले, "मांगच्या दोन पट्ट्या काढतो मालक, मऊ होईन. पन मंग वळनावर डोलन ते."

"राहू दे," जवाईबुवा म्हणाले. त्यांनी पुढचे दार उघडले. "बस इथं."

"समोर? लोक काय म्हनतीन?"

"लोकायले मांगं बसव."

साऱ्या गल्लीसमोर माझी बहीण नवऱ्याच्या शेजारी बसली. मोटार सुटली. मी रिकाम्या दमणीजवळ उभा राहिलो.

त्यानंतर त्यांनी पाट्यांना हात लावला नाही. त्यांची गाडी अजूनही माझ्या कडुनिंबावरून जाते, वळण न कलता घेते, आणि त्या वळणावर माझ्या बहिणीचे हसणे ऐकू येते. ती इतक्या मोठ्याने हसते हे तिचा थोरला भाऊ असून मला ठाऊक नव्हते. गाडी मात्र थांबत नाही. तेव्हा न्यायाची याचना एवढीच की, गैरअर्जदारांनी एखाद्या दिवशी कडुनिंबापाशी गाडी उभी करावी. तक्रारदार मागच्या बाकावर बसण्यास राजीखुशीने तयार आहे; कंबरेची जबाबदारी त्याची त्याच्यावर राहील. लेखी उत्तराची अपेक्षा नाही. भोंगा वाजवला तरी पोच समजली जाईल.